खुडण्याची भाजी

'केल' या भाजीला मराठीत शब्द नाही, असे सर्रास म्हटले जाते. पुण्यामुंबईच्या मोठ्या दुकानांतून ती अलीकडे दिसू लागली ती इंग्रजी नावानेच, आणि ते नाव ऐकताच मराठी माणसाच्या मनात आधी केळ येते. माझ्या आईच्याही मनात तेच आले होते. "केळीची पानं खाता होय तिकडं? मग जेवता कशावर?" असा तिचा रास्त प्रश्न होता.

वस्तुतः हा शब्द आपल्याकडे वेगवेगळ्या वेषांत येऊन गेलेला आहे. लॅटिन भाषेत देठाला किंवा खोडाला 'कॉलिस' म्हणत, आणि पुढे त्याच नावाने ही भाजीही ओळखली जाऊ लागली. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'कोव्ह' झाले. त्याचाच आपला 'कोबी'. डच लोक गाठदार खोडाच्या कोबीला 'क्नोलकोल' म्हणत. त्याचे आपण 'नवलकोल' केले, आणि त्यात जे नवल शिरले ते सर्वस्वी आपले. इंग्रजी 'कॉलिफ्लॉवर'मध्येही हाच 'कॉलिस' आहे, पण आपण शब्दाचा तेवढाच भाग टाकून देऊन नुसता 'फ्लॉवर' ठेवला. स्कॉटिश 'केल' हे याच कुळातले आणखी एक रूप. तेव्हा कोबी आणि केल हे दोन शब्द नसून एकच शब्द दोन बंदरांतून उतरलेला आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

वनस्पतिशास्त्रात तर ही नाती याहून जवळची आहेत. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, ब्रसेल्स स्प्राउट्स आणि केल ही सारी 'ब्रासिका ओलेरासिया' या एकाच जातीची रूपे. माणसाने शतकानुशतके बी निवडत जाऊन कुठे शेंड्याची कळी फुगवली, कुठे पानांच्या बेचक्यांतल्या कळ्या, कुठे खोड, तर कुठे फुलांचा गुच्छ. केलच्या बाबतीत मात्र त्याने पानाचा पाठपुरावा केला. या सर्वांचा रानटी पूर्वज पश्चिम युरोपातील समुद्रकड्यांवरचा रानकोबी असावा, असे बराच काळ मानले जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने बोट दाखवले ते पूर्व भूमध्य सागराकडे, तिथल्या 'ब्रासिका क्रेटिका' या जातीकडे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताला कुरळ्या पानांचे आणि सपाट पानांचे असे प्रकार ठाऊक होते. गड्डा धरणारा कोबी फार नंतरचा. आणि भारताला हे रूप अगदीच अपरिचित आहे असेही नाही. काश्मिरी घरांत मोहरीच्या तेलात रोज शिजणारे 'हाक' हे याच बिनगड्ड्याच्या कुटुंबातले आहे.

मी राहते ती जागा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात आहे. घरामागे बारा पावले लांब आणि सात पावले रुंद असा जमिनीचा तुकडा आहे. इंग्रजीत त्याला गार्डन म्हणतात. पण जुन्या स्कॉट्स बोलीतला शब्द 'केलयार्ड' असा आहे. घरामागची, दगडी भिंतीने राखलेली, केल लावायची जागा. त्याचे भाषांतर करायला मला शब्दकोशाकडे जावे लागले नाही. 'परस' या दोन-तीन अक्षरी शब्दात ते जसेच्या तसे मावते, कारण दोन्ही शब्दांना शोभेची बाग अभिप्रेत नाही. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघराचे मागचे दार उघडते आणि दोन्ही ठिकाणी त्या दारातून बाई हातात टोपली घेऊन बाहेर पडते.

या देशात केल म्हणजे केवळ भाजी नव्हती. 'केल' हा शब्द जेवण या अर्थानेच वापरत. जेवणाच्या घंटेला 'केल-बेल' असे नाव होते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७७३ मध्ये या बाजूला फिरून गेला आणि १७७५ साली त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. क्रॉमवेलच्या शिपायांनी इथल्या लोकांना केल लावायला शिकवले, असे आपल्याला ॲबर्डीनमध्ये सांगण्यात आले, असे तो लिहितो; आणि त्याआधी हे लोक जगत तरी कशावर होते याचे त्याला कोडे पडते. लंडनच्या भरल्या ताटावरून केलेली ही थट्टा आहे, आणि ती वस्तुस्थितीला धरूनही नाही, कारण केल इथे क्रॉमवेलच्या कितीतरी आधीपासून होती. पण तिच्यामागची गोष्ट खरी आहे. ओट आणि केल यांच्यापलीकडे गरिबाच्या ताटात फारसे काही नसे. उत्तरेकडे शेटलंड बेटांवर वारा इतका उग्र की रोपे उघड्यावर टिकत नाहीत. तिथे लोकांनी माळावर वाटोळ्या दगडी भिंतींची लहान लहान कुंपणे बांधली आणि त्यांत केलची रोपे वाढवली. आजही ती कुंपणे ठिकठिकाणी रिकामी उभी आहेत. रोपासाठी चार माणसे दगड वाहून भिंत घालतात तेव्हा ते बागकाम नसते. ती पोटाची तजवीज असते. आपल्याकडे याला 'बेगमी' असा नेमका शब्द आहे.

पोटाशी इतकी जखडलेली वस्तू लोकांच्या स्वप्नांतही शिरतेच. रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये लिहिलेल्या 'हॅलोवीन' या दीर्घ कवितेत एक चाल वर्णिली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री तरुण मुलेमुली डोळे मिटून केलच्या वाफ्यात जात आणि हाताला लागेल ते झाड उपटत. खोड सरळ की वाकडे त्यावरून जोडीदाराचा बांधा ठरे, मुळांना चिकटलेल्या मातीवरून हुंडा ठरे, आणि खोडाच्या गाभ्याची चव गोड की कडू यावरून स्वभाव. वर्षभर ज्याच्यावर पोट, त्याच्यावरच भविष्य.

माझ्या वाफ्याचे वेळापत्रक साधे आहे. एप्रिलच्या अखेरीस बी पेरायचे. हे बी मोहरीच्या दाण्याएवढे आणि जवळजवळ मोहरीच्याच रंगाचे असते. फोडणीच्या डब्यात पडले तर ओळखू येणार नाही. जूनमध्ये रोपे दीड फुटाच्या अंतराने लावायची आणि भोवतालची माती पायाने घट्ट दाबायची. आपल्याला भुसभुशीत मातीचे कौतुक करायची सवय. पण हे झाड पुढे कमरेएवढे वाढते आणि उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात त्याला मुळापाशी हलता कामा नये. उन्हाळ्यात पांढरी फुलपाखरे पानांच्या खाली अंडी घालतात, म्हणून बारीक जाळी लागते. हिवाळ्यात, इतर काही हिरवे उरले नाही म्हणजे, रानकबुतरे येतात आणि एका सकाळीत पानाच्या फक्त शिरा ठेवतात, म्हणून पुन्हा जाळी. एका जागी सलग दोन वर्षे लावायचे नाही. मुळांना गाठी आणणारा एक रोग या कुळाच्या मागे लागलेला आहे आणि त्याचे बीजाणू मातीत वीस-वीस वर्षे टिकू शकतात. माझे वडील ज्याला 'बेवड' म्हणत, त्याचा विचार इथेही सुटत नाही. माती आंबट असेल तर चुना घालायचा. एवढे केले की सप्टेंबरपासून पाने मिळू लागतात.

पण खरी भाजी थंडी पडल्यावरची. पारा शून्याखाली उतरू लागला की पानांतला पिठूळपणा जाऊन त्याची साखर होते. ती साखर झाडाच्या रसाचा गोठणबिंदू खाली आणते आणि त्यायोगे झाड स्वतःला गोठण्यापासून वाचवते. आपल्याला जी गोडी लागते ती त्या झाडाची संरक्षणाची तरतूद असते. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सात तासांचा. सकाळी पावणेनऊला उजाडते, पावणेचारला सूर्य बुडालेला असतो. त्या मधल्या वेळात बर्फाच्या कण्यांनी पांढरी झालेली पाने ताठ उभी असतात, आणि हाताने मोडली की काचेसारखा बारीक आवाज करतात.

मी 'मोडली' असे लिहिले खरे. पण या कामाला मराठीत याहून चांगला शब्द आहे, आणि तो मला या परक्या भाजीमुळे नव्याने कळला. मेथी आपण उपटतो. कोबी कापतो. ज्वारीची कापणी होते, शेंगांची तोडणी. या सर्व क्रियापदांना शेवट आहे; ती झाली की शेत मोकळे होते. माठ मात्र खुडतात, अंबाडी खुडतात, हरभऱ्याचा शेंडा खुडतात. खुडणे म्हणजे झाडाला जागेवर ठेवून त्याच्याकडून घेणे. हरभऱ्याचा शेंडा खुडला की त्याला फांद्या फुटतात, म्हणजे तिथे घेणे हेच देणेही असते. केल ही खुडण्याची भाजी आहे. तिला सुगी नाही. खालची जून पाने आधी घ्यायची, पान देठाशी धरून खोडालगत खाली दाबायचे, ते आपोआप सुटते. एका झाडाची दोन किंवा तीन पाने, मग पुढचे झाड. शेंड्याचा कोवळा झुबका काही झाले तरी शाबूत ठेवायचा. शेंडा राहिला तर झाड एप्रिलपर्यंत देत राहते, आणि मार्चच्या सुमारास उंच बोडक्या खोडावर तुरा असे त्याचे रूप होते. जणू कोकणातला माड लहान होऊन इथे गारठ्यात येऊन उभा आहे.

ही शेवटची उपमा कागदावर उतरल्याबरोबर मी सावध होते, आणि त्यालाही एक स्कॉटिश कारण आहे. इथल्या साहित्याच्या इतिहासात 'केलयार्ड स्कूल' नावाचा एक संप्रदाय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. एम. बॅरी, एस. आर. क्रॉकेट, इयन मॅक्लॅरन हे लेखक स्कॉटिश खेड्यांच्या हळव्या गोड कथा लिहीत आणि त्या अमाप खपत. जे. एच. मिलर या समीक्षकाने १८९५ मध्ये त्यांना परसातल्या केलचे हे नाव चिकटवले, आणि ते कौतुकाने खचितच नव्हे. आक्षेप असा की या कथांत भाबडे शेतकरी, सज्जन पाद्री आणि सोशिक आया आहेत. कारखाने, गलिच्छ वस्त्या आणि देशोधडीला लागलेली माणसे नाहीत. १९०१ मध्ये जॉर्ज डग्लस ब्राउनने 'द हाउस विथ द ग्रीन शटर्स' ही काळीकुट्ट कादंबरी लिहून या गोडव्याला उत्तर दिले. ग्रामीण जीवनाच्या चित्रणाबद्दल मराठीत झालेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. 'स्मरणरंजन' हा आपला शब्दही साधारण तशाच चिडीतून वापरला जातो.

यातला बॅरी मला विशेष अडवतो. पुढे 'पीटर पॅन'मुळे जगप्रसिद्ध झालेला हा माणूस १८८५ मध्ये लंडनला गेला, आणि तिथे बसून आपल्या आईच्या बालपणीच्या आठवणी लिहून लंडनच्या वाचकांना विकू लागला. गाव मागे ठेवायचे, आई मागे ठेवायची, आणि दोघांचे गोड चित्र दूरच्या शहरात मांडायचे. परदेशी राहून परसाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा आरसा आपल्यापुढे धरलेला आहे असे वाटले पाहिजे.

माझ्यापुरता हा प्रश्न केवळ साहित्यिक राहिलेला नाही. वाईजवळच्या एका गावात आमचे घर आहे आणि त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई एकटी राहते. मागे परस आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू, कढीपत्ता, एक शेवगा, तोंडलीचा मांडव, पावसाळ्यात घेवडा आणि बाराही महिने माठ. वडील गेल्यानंतर घराच्या उताऱ्यावर तिघांची नावे लागली, आणि घराला चांगले गिऱ्हाईक आलेले आहे. पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावाचे म्हणणे असे की घर विकावे आणि आईने त्याच्याकडे यावे. त्याच्या म्हणण्यात लोभ नाही. तिचे गुडघे गेलेले आहेत, रात्री सोबत नाही, बरे दवाखाने दूर आहेत. काही झाले तर दोन तासांची धावपळ त्यालाच करायची आहे. विक्रीला माझी सही लागते. ती द्यायला मी वेळ घेते आहे असे पाहून तो एकदा म्हणाला, "तुला तिथनं परस छान दिसतो, ताई." बॅरीच्या टीकाकारांना जे सांगायला पुष्कळ पाने लागली ते त्याने एका वाक्यात सांगितले.

म्हणून मी माझ्या आठवणी बाजूला ठेवल्या आणि आईलाच विचारले, की या घरात असे काय आहे? ती घराबद्दल बोललीच नाही. जुन्या तुळया, वडिलांची खोली, लग्न होऊन ती ज्या उंबऱ्यावरून आत आली तो उंबरा, यांतले एकही नाव तिच्या तोंडी आले नाही. ती म्हणाली, "घराचं काय घेऊन बसलीस? सकाळी उठल्यावर माणसाला मागं जायला काहीतरी लागतं."

या उत्तरात स्मरण नाही आणि रंजनही नाही. ते उद्याच्या सकाळबद्दलचे वाक्य आहे. केलयार्ड संप्रदायाने परसाला भूतकाळात नेऊन ठेवले, आणि टीकाकारांनी तो भूतकाळ खोटा म्हणून झिडकारला. पण जिच्या हातात टोपली असते तिच्या लेखी परस नेहमी पुढच्या जेवणासाठीच असतो. आईचा दिवस माठ खुडण्यापासून सुरू होतो. ती वाकते, उठते, शेजारच्या घरी चार जुड्या पोचवते, तिथे दहा मिनिटे बसते, आणि तिच्या प्रकृतीची बातमी गावाला त्यातूनच कळते. एखाद्या सकाळी ती मागे गेली नाही तर नऊ वाजायच्या आत कोणीतरी दार ठोठावते. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर तिला औषध वेळेवर मिळेल, यात शंका नाही. पण खालची पाने काढणे वेगळे आणि शेंडा काढणे वेगळे, हा फरक ज्याने एक हिवाळा केल खुडली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

सही करणार नाही, असे मी भावाला कळवले आहे. आणि त्याचबरोबर दुसरेही कळवले आहे, कारण नुसता नकार ही लांबून मारलेली फुशारकी ठरली असती. रात्रीच्या सोबतीला गावातल्या एक बाई येतील, त्यांचा पगार मी देईन. आणि दर वर्षी डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने मी तिथे राहीन, म्हणजे तेवढा काळ तरी फोन वाजला की धावायची पाळी त्याच्यावर येणार नाही. त्याचे पुरते समाधान झालेले नाही. "दोन वर्षं बघू," एवढेच तो म्हणाला. ते त्याने म्हटले हेही पुष्कळ आहे, आणि दोन वर्षांनी गुडघ्यांनी वेगळा निकाल दिला तर मलाही तो ऐकावा लागेल.

मधल्या काळात भाजीपुरता आईचा आणि माझा व्यवहार चालू आहे. केल आपल्या पद्धतीने कशी करावी हे तिनेच मला बसल्या जागी शोधून दिले. पान जाड आणि चिवट असते असे सांगितल्यावर ती म्हणाली, की मग शीर काढून टाक, बारीक चीर, आणि पीठ पेरून कर. तेल तापले की मोहरी, हिंग, हळद, ठेचलेली लसूण. त्यावर चिरलेला पाला, मीठ, पाण्याचा हबका आणि झाकण. पाला मऊ झाला की वरून डाळीचे पीठ पेरायचे आणि पुन्हा एक वाफ. कुरळ्या पानांची भजीही उत्तम होतात, कारण त्यांच्या चुण्यांत पीठ धरते. या भाजीत मोहरी चांगली तडतडलेली हवी, आणि त्यामागे चवीशिवाय आणखी एक गंमत आहे. १९३५ मध्ये जपानमध्ये काम करणाऱ्या वू जांग-चून या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की आपली राई ही सलगमाचे कुळ आणि काळी मोहरी यांच्या संकरातून जन्मलेली आहे, आणि कोबी-केलचे कुळ हा त्याच त्रिकोणाचा तिसरा कोन आहे. मोहरीचा ठसका आणि केलचा किंचित कडवटपणा हे एकाच प्रकारच्या गंधकयुक्त द्रव्यांतून येतात. म्हणजे कढईत आपण परदेशी भाजीला देशी फोडणी देत नसून दुरावलेल्या दोन भावंडांना एकत्र बसवत असतो.

एप्रिल आला की केल खुडणे संपते. झाडाने थंडी पुरेशी भोगलेली असते. शेंडा लांबतो आणि चार पाकळ्यांची पिवळी फुले येतात, लांबून पाहणाऱ्याला थेट मोहरीचे शेत वाटावे अशी. जुन्या पिकाचा शेवट आणि नव्याची सुरुवात यांच्या मधल्या या आठवड्यांना इथे 'भुकेची फट' अशा अर्थाचे नाव आहे. नेमक्या त्याच दिवसांत आई गच्चीवर सांडगे आणि कुरडया वाळत घालत असते, पुढच्या पावसाळ्यासाठी. तिला मी वाईत लावायला केल सुचवून पाहिली. तिथल्या हिवाळ्यात ती उगवेल, पाने देईल. फक्त पुरेशी थंडी नसल्यामुळे ती फुलणार नाही आणि तिला ही गोडीही येणार नाही, असे मी सांगितले. आईने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि माठाच्या शेजारी एक वाफा रिकामा आहे एवढेच म्हणाली.